घड्याळ आणि कॅलेंडर : डोकेदुखी, अर्धशिशी आणि चेहऱ्यातली कळ

(खांब, ता. रोहा येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



सुरुवातीला एक काम करू. गेल्या महिनाभरात डोकं दुखतंय म्हणून ज्यांनी एक तरी गोळी घेतली, त्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. आता त्यातल्या ज्यांनी फक्त डोकेदुखीसाठी म्हणून मुद्दाम डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीच हात वर ठेवा. चार-पाच राहिले.

ही काही खांबचीच गोष्ट नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बंगळूर आणि आसपासच्या खेड्यांत, घरोघर जाऊन एक पाहणी झाली होती. २,३२९ प्रौढ माणसांना विचारलं. वर्षभरात डोकं दुखलं असं सांगणारे जवळजवळ ६४ टक्के निघाले. आणि ज्याला आपण अर्धशिशी किंवा मायग्रेन म्हणतो, ते सुमारे २५ टक्के. म्हणजे चारातल्या एकाला. मधुमेहाबद्दल गावोगाव शिबिरं होतात, रक्तदाबाबद्दल होतात. डोकेदुखीचं शिबिर कुणी पाहिलंय का?

याचं कारण मला माझ्या आईवरून कळलं. महिन्यातून दोन-तीनदा ती डोक्याला घट्ट फडकं बांधून माजघरात अंधार करून पडायची. कपाळाला सुंठ उगाळून लावलेली. आम्ही पोरं आवाज केला की ओरडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चुलीपाशी, जणू काही झालंच नाही. घरात लोक म्हणायचे, "कामाच्या दिवशीच हिचं डोकं कसं दुखतं?" ताप नाही, सूज नाही, जखम नाही. दिसत नाही ते दुखणं खरं कसं मानायचं? मीही तेव्हा मानत नव्हतो. डॉक्टर झाल्यावर मानायला लागलो. तोवर तिची चाळीस वर्षं गेली होती.

तर आज मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. डोकेदुखीचं निदान बहुतेक वेळा मशीन करत नाही. तुम्ही सांगितलेल्या हकिगतीवरून ते होतं. आणि ती हकिगत नीट सांगायला दोनच वस्तू लागतात. घड्याळ आणि भिंतीवरचं कॅलेंडर. दोन्ही प्रत्येकाच्या घरात आहेत.

आधी घड्याळ

डोकं दुखतं म्हटल्यावर आपण काय सांगतो? "लई दुखतं हो डॉक्टर." किती दुखतं ते सांगतो. पण मला आधी विचारायचं असतं की किती वेळ दुखतं. उपचार नसेल तर एक झटका किती टिकतो? दिवसभर? तासभर? की दोन सेकंद? कारण एवढ्यावरूनच वाट वेगळी होते.

पहिला प्रकार, तासांपासून दिवसांपर्यंत टिकणारा. चार तासांपासून ७२ तासांपर्यंत, म्हणजे तीन दिवस. बहुधा एका बाजूला, ठणठण ठोके पडल्यासारखं. जिना चढला, वाकून केर काढला की वाढतं. मळमळतं, उलटी होते. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. हे मायग्रेन. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हीच लक्षणं आणि हेच तास निदानाचे निकष म्हणून दिलेले आहेत. सगळी लक्षणं एकदम असावी लागत नाहीत, दोन्ही बाजूंना दुखलं तरी मायग्रेन असू शकतं. पण असे निदान पाच झटके तरी येऊन गेलेले असावे लागतात.

गंमत बघा. आपल्याकडे शब्द आहे अर्धशिशी, म्हणजे अर्धं डोकं. सुश्रुतसंहितेत अर्धावभेदक असं नाव आहे. तिथेही अर्धंच. आणि ग्रीक लोक म्हणायचे हेमिक्रेनिया, म्हणजे अर्धी कवटी. त्याचाच अपभ्रंश होत होत मायग्रेन झालं. तेव्हा "मला अर्धशिशी नाही, मायग्रेन आहे" असं कुणी म्हणालं तर समजा, दोन्ही एकच.

दुसरा प्रकार, तणावाची डोकेदुखी. ही अर्ध्या तासापासून आठवडाभरही राहू शकते. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं, दोन्ही बाजूंना. पण उलटी नाही, आणि माणूस कामं करत राहतो. सगळ्यात जास्त लोकांना हीच होते आणि तिचा त्रास मायग्रेनपेक्षा कमी असतो.

तिसरा, १५ मिनिटांपासून तीन तासांपर्यंतचा. एकाच डोळ्याच्या मागे, भोसकल्यासारखं. त्याच बाजूच्या डोळ्यातून पाणी, डोळा लाल, नाक चोंदलेलं. याला क्लस्टर म्हणतात, कारण झटके झुंडीने येतात. रोज, ठरावीक वेळेला, आठवडेच्या आठवडे, आणि मग काही महिने काहीच नाही. हा कमी लोकांना होतो आणि पुरुषांत जास्त दिसतो. फरक कसा ओळखायचा? मायग्रेनचा माणूस अंधारात गपचूप पडून राहतो. क्लस्टरचा माणूस पडू शकत नाही, येरझारा घालतो. याला गोळीपेक्षा मास्कमधून दिलेला शुद्ध ऑक्सिजन उपयोगी पडतो.

आणि चौथा, सेकंदांचा. हा डोक्यात कमी आणि चेहऱ्यात जास्त. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

मायग्रेनमध्ये आत काय होतं?

मेंदूला स्वतःला दुखत नाही. मेंदूवर जी आवरणं आहेत आणि त्यातल्या रक्तवाहिन्या आहेत, त्यांना दुखतं. त्या दुखण्याची खबर नेते ट्रायजेमिनल नावाची नस. हे नाव लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

काही जणांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा दिसतात, मध्येच एक भाग दिसेनासा होतो. याला ऑरा म्हणतात. कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला स्वतःला हे व्हायचं. त्याने काय केलं, तर दर थोड्या वेळाने ती रेषा कागदावर काढत गेला. आणि १९४१ साली हिशेब मांडला की मेंदूच्या पृष्ठावरून काहीतरी मिनिटाला तीन मिलीमीटर वेगाने सरकत असावं. तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, अरिस्टिडीस लियाओ या ब्राझीलच्या संशोधकाला सशाच्या मेंदूत जवळजवळ त्याच वेगाने सरकणारी लाट सापडली. मला ही हकिगत फार आवडते, कारण तिची सुरुवात एका रुग्णाच्या हातातल्या घड्याळाने आणि कागदाने झाली.

पुढे बरीच वर्षं लोक म्हणत होते की हा रक्तवाहिन्या फुगण्याचा आजार. आता चित्र बदललंय. मूळ गडबड मेंदूत आणि त्या ट्रायजेमिनल नसेच्या जाळ्यात असते. १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेतलं रक्त तपासलं. त्यात सीजीआरपी नावाचं रसायन वाढलेलं मिळालं. पुढे २००२ मध्ये डेन्मार्कमध्ये हे रसायन रुग्णांना टोचून पाहिलं, तर अनेकांना मायग्रेनसारखीच डोकेदुखी झाली. मग त्याला अडवणारी औषधं निघाली. पहिलं २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. या कामासाठी २०२१ चं ब्रेन प्राइझ चार संशोधकांना मिळालं. ही औषधं महाग आहेत, आज खांबमधल्या प्रत्येकाला ती परवडतील असं मी म्हणत नाही. पण यातून एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. ज्या दुखण्याला घरात नाटक म्हणायचे, ते रक्तात मोजता येतं.

बायकांना हे पुरुषांच्या दोन-तीन पट जास्त. लहानपणी मुलगा-मुलगी जवळपास सारखे, पाळी सुरू झाली की फरक पडतो, कारण पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन एकदम खाली येतं. जागतिक आजारभाराच्या अभ्यासात तरुण स्त्रियांना अपंगत्व आणणाऱ्या कारणांत मायग्रेन पहिल्या क्रमांकावर येतं.

आता कॅलेंडर

दुधाचे खाडे आपण कॅलेंडरवर लिहितो. गॅसचा सिलिंडर कधी लावला ते लिहितो. तसंच डोकं दुखलं त्या दिवशी एक फुली मारा. गोळी घेतली असेल तर फुलीभोवती गोल करा. पाळी सुरू झाली तर "पा" लिहा. उपवास, जागरण, उन्हातलं काम, न्हाणं, असं काही असेल तर एका शब्दात लिहा. बस्स. तीन महिन्यांनी ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. दहा मिनिटांच्या बोलण्यात जे निघत नाही ते त्यात दिसतं.

न्हाणं मी मुद्दाम म्हटलं. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांच्या लक्षात आलं की आपल्याकडच्या बायका म्हणतात, "डोक्यावरून पाणी घेतलं की माझं डोकं चढतं." परदेशी पुस्तकांत हे कारण नव्हतं. चॉकलेट होतं, चीज होतं, रेड वाइन होती. त्यांनी रुग्णांचं म्हणणं उडवून लावलं नाही, नोंदवत गेले. १,५०० मायग्रेनच्या रुग्णांमध्ये ९४ जणांना केस धुण्यामुळे झटका यायचा, आणि त्यातल्या ११ जणांना तर फक्त त्यामुळेच. २००६ मध्ये हे डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं. आमची आजी "ओल्या केसांनी फिरू नको" म्हणायची, त्यातलं काही अगदीच वावगं नव्हतं.

पण एक लक्षात घ्या. कारणं एकेकटी येत नाहीत, त्यांची बेरीज होते. सणाच्या दिवशी पहाटे उठायचं, म्हणजे झोप कमी. डोक्यावरून न्हाणं. नैवेद्य दाखवेपर्यंत पोटात काही नाही. वर चुलीचा धूर आणि उन्हात ये-जा. संध्याकाळी बाई आडवी. म्हणून न्हाणं आणि कडक उपवास एकाच दिवशी टाळता आला तर टाळा. झोपेची आणि जेवणाची वेळ शक्य तितकी एक ठेवा. सगळं सोडायची गरज नाही. तुमच्या कॅलेंडरवर जे दिसेल तेवढंच सांभाळा.

गोळीनेच दुखणारं डोकं

आता फुलीभोवतीचे गोल मोजा. महिन्यात किती?

हा माझ्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं आणि कॅफीन एकत्र असलेली मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर ती गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. मूळ मायग्रेन महिन्यातून तीनदा होतं, ते रोजचं होऊन बसतं. रोज दुखतं म्हणून रोज गोळी, आणि रोज गोळी म्हणून रोज दुखतं. शिवाय मूत्रपिंड आणि पोट यांवर त्याचा भार पडतो तो वेगळाच.

यात तुमचा दोष नाही. टपरीवर, किराणा दुकानात, एसटी स्टँडवर, कुठेही पट्टी मिळते. पण उपाय आहे. जास्तीची गोळी थांबवायची, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिले काही दिवस दुखणं वाढतं, ते आधीच माहीत असलं तर माणूस धीर सोडत नाही. आणि सोबत झटके कमी करणारं औषध सुरू करायचं.

या औषधांबद्दल एक खुलासा. डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात, लोक मेडिकलमध्ये विचारतात, तिथे कळतं ही हृदयाची गोळी. अमिट्रिप्टिलिन दिलं तर कळतं ही उदासीची गोळी. घरी येऊन बंद करतात. अहो, मायग्रेनवर ती चालतात हे अनुभवातून कळलेलं आहे. हृदयाच्या दुखण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांचं मायग्रेन कमी झालं, हे १९६६ मध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं, तिथून ते सुरू झालं. ही औषधं झटक्याच्या दिवशी घ्यायची नसतात, रोज घ्यायची असतात आणि गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, तेव्हा ते आधी सांगा. आणि प्रत्यक्ष झटक्याचं औषध मात्र लवकर घ्यायचं. उलट्या सुरू झाल्यावर पोटातून औषध नीट शोषलंच जात नाही.

चेहऱ्यातली वीज

आता तो सेकंदांचा प्रकार. पन्नाशी-साठीचा माणूस. गालातून किंवा जबड्यातून अचानक वीज जावी तशी कळ. क्षणभर ते फार तर दोन मिनिटं. मग साफ बंद. पुन्हा येते. दात घासताना, घास चावताना, दाढी करताना, चेहऱ्यावर वारा लागला तरी. मोटारसायकलवरून सुकेळी खिंड उतरताना तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय बसता येत नाही, असं लोक सांगतात. काही जण जेवणच सोडतात आणि वाळत जातात.

ही ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. तीच नस, जी मघाशी सांगितली. तिला तीन फाटे आहेत, कपाळाचा, गालाचा आणि जबड्याचा. बहुतेकांना खालच्या दोन फाट्यांत कळ येते. आणि दातांची नस याच फाट्यांतून जाते. म्हणून माणसाला शंभर टक्के वाटतं की दाढ दुखतेय. तो दाढ काढून घेतो. कळ जात नाही. शेजारची काढतो. मी असे रुग्ण पाहिलेत ज्यांच्या एका बाजूच्या सगळ्या दाढा गेल्या आणि कळ जागच्या जागी. म्हणून इथेही घड्याळ. किडलेला दात तासन्‌तास ठणकतो, रात्री झोपू देत नाही. न्यूराल्जियाची कळ सेकंदांची, आणि मध्ये पूर्ण आराम. दात चांगला दिसत असेल आणि कळ विजेसारखी असेल, तर दात काढण्याआधी एकदा मेंदूविकारतज्ज्ञाला विचारा.

बऱ्याच जणांत याचं कारण अगदी साधं असतं. मेंदूजवळ, नस जिथे सुरू होते तिथे, एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते. दर ठोक्याला ती घासते. वायरवरचं प्लास्टिक घासून गेलं की ठिणगी पडते, तसं. १९६२ मध्ये स्वीडनच्या डॉ. ब्लोम यांनी कार्बामाझेपिन हे औषध यावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं आणि आजही पहिलं औषध तेच आहे. गोळी साधी आहे, महाग नाही. इथेही तोच घोटाळा. ही फिटची गोळी म्हणून लोक घाबरतात. तुम्हाला फिट येते म्हणून ती देत नाहीत. नसेतली ठिणगी शांत करते म्हणून देतात. सुरुवातीला चक्कर, झोप येते. अंगावर पुरळ उठलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

औषधाने भागलं नाही तर शस्त्रक्रिया आहे. अमेरिकेचे पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात ती रुळवली. कानामागून जाऊन रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा छोटासा बोळा ठेवतात. न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. मुंबईत हे होतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक शिक्षिका : सर, एवढं दुखतं तर आधी एमआरआय का नाही करायचा?*

कारण मायग्रेनमध्ये तो बहुतेक वेळा स्वच्छ येतो, आणि मग घरचे म्हणतात, "बघ, काही नाही तुला." पण काही वेळा तपासणी तातडीने हवीच. आयुष्यात कधी झालं नाही असं दुखणं एका मिनिटात शिखराला पोचलं. ताप आणि मान आखडली. हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवी डोकेदुखी सुरू झाली. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत गेली. गरोदरपणात रक्तदाबासोबत डोकं दुखलं. अशा वेळी थेट रोह्याच्या नाहीतर अलिबागच्या सरकारी रुग्णालयात जा. आणि आपल्याकडे आणखी एक. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम केल्यावर ताप, डोकं, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, हे मायग्रेन नाही. लेप्टो असू शकतो. गोळी खाऊन घरी बसू नका. ट्रायजेमिनलच्या कळेत मात्र एमआरआय करतात, कारण तिथे नसेवर काय टेकलंय ते बघायचं असतं.

*एक तरुण : मी धाटावला कंपनीत आहे, शिफ्ट बदलली की डोकं धरतं. मला सायनस सांगितलाय.*

शिफ्ट बदलली म्हणजे झोप बदलली, ते मोठं कारण आहे. आणि सायनसचं म्हणाल, तर २००४ मध्ये अमेरिकेत "मला सायनसची डोकेदुखी आहे" म्हणणाऱ्या २,९९१ लोकांना तपासलं. ८८ टक्क्यांना मायग्रेनच्याच प्रकारची डोकेदुखी होती. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं. पिवळा-हिरवा शेंबूड आणि ताप नसेल तर पुन्हा विचारा. तुम्ही कॅलेंडरवर शिफ्टही लिहा, "दि", "रा" एवढंच.

*एक काका : ते चेहरा वाकडा होतो, ते हेच का?*

चांगला प्रश्न. नाही. चेहरा हलवणारी नस वेगळी, सातवी. ती बिघडली की तोंड एका बाजूला जातं, डोळा मिटत नाही. मी सांगितली ती पाचवी, ती स्पर्श आणि दुखणं कळवते. पण चेहरा अचानक वाकडा झाला तर तो पक्षाघातही असू शकतो, म्हणून त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

*एक ताई : मला डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं, आणि मी पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते. चालतं का?*

ताई, हे विचारलंत ते फार बरं केलंत. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. दुसरे मार्ग आहेत, तांबी आहे, इतर गोळ्या आहेत. याच आठवड्यात डॉक्टरांशी बोला. चमकतं ही गोष्ट त्यांना सांगा, कारण विचारल्याशिवाय कुणी ती सांगत नाही.

चला, वेळ झाली. शेवटची एसटी बऱ्याच जणांना गाठायची आहे. घरी गेल्यावर कॅलेंडरला एक पेन्सिल बांधा, म्हणजे शोधायला नको. आणि घरातलं कुणी अंधारात पडलं असेल, तर टीव्हीचा आवाज कमी करा, एवढी विनंती.